शिरसाचा शिसव कसा होतो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बार्शीच्या एका वाचकाचा प्रश्न आला होता की वखारीतून ताज्या चिरलेल्या फळ्या स्वस्तात मिळाल्यात पण लाकूड कशाचं ते वखारवाल्यालाही सांगता येईना, तर ओळखायचं कसं. त्याला उत्तर दिलेलं की रंग गडद तपकिरी असेल आणि उचलायला जड असेल तर शिसव समजा. दोन ओळीत विषय संपला. ते वाचून मला चहाचा ठसकाच लागला, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः स्वतःला हेच उत्तर दिलं होतं आणि चांगला तोंडावर आपटलो होतो, आणि मी तर धंद्यानं मेस्त्री आहे.

सोलापुरात साखर पेठेत आमचं छोटं दुकान आहे, फर्निचरचं. पंचवीस वर्षं काम करतोय, पण खरं सांगायचं तर त्यातली निम्मी वर्षं प्लायवूड आणि सनमायका यातच गेली आणि उरलेली वाळलेल्या तयार सागवानात. ओलं, कालपरवा करवतीखालनं निघालेलं, अनोळखी लाकूड हातात येण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. मग रस्ते रुंद व्हायला लागले. तुळजापूर रोड म्हणा, विजापूर रोड म्हणा, अक्कलकोट रोड म्हणा, दोन्ही बाजूची जुनी झाडं गेली आणि त्यांचे ओंडके लिलावात कुठल्या कुठल्या वखारीत जाऊन पडले. अशाच एका वखारीत (नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही) मला चौदा फळ्या मिळाल्या, आठ फुटी, दीड इंच जाड, मधे मस्त चॉकलेटी आणि कडेला पांढरा पट्टा. मालक म्हणाला, "मेस्त्री, शिसव आहे, तुम्ही म्हणून देतोय." मी उचलून बघितली तर दोघांना उचलेना. म्हणलं शिसवच. घेतली.

पहिला धडा दुसऱ्याच दिवशी मिळाला, वजनाचा. ताज्या चिरलेल्या लाकडात पाणी एवढं असतं की कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्मं, काही जातीत तर त्याच्याइतकंच पाणी भरलेलं असतं, म्हणजे तुम्ही लाकूड उचलत नसता, अर्धी घागर उचलत असता. आंब्याची ओली फळीसुद्धा हातात घेतली की बाभळीसारखी लागते. त्यामुळे ओल्या फळीच्या वजनावरून काहीही ठरवू नका. वजनच बघायचं असेल तर मी जे नंतर केलं ते करा, फळीतनं बरोबर ५ सेंटिमीटर बाय ५ बाय ४ चा ठोकळा कापायचा, म्हणजे १०० घन सेंटिमीटर झाला, तो सावलीत ठेवायचा आणि दर आठवड्याला ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की वाळला. (ठोकळा वाळताना आकसतोही, म्हणून शेवटी मापं परत घ्या.) साधारण ६५ ग्रॅम भरला तर सागवानाच्या घरातला, ८० च्या आसपास असेल तर बाभूळ किंवा शिसवाच्या घरातला, आणि १०० च्या वर गेला तर तो पाण्यात बुडणार, आपल्याकडं अंजन किंवा खैर असलं लाकूड तसं असतं. आमचा सोनार तिसऱ्या आठवड्याला म्हणाला, "काय बे, सोनं कधी आणणार?" माझा ठोकळा ६० आणि ६५ च्या मधे कुठंतरी थांबला. तिथंच शिसवाबद्दल शंका यायला पाहिजे होती. पण माणसाला एकदा शिसव म्हणलं ना, की शिसवच दिसतो.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात. ताजा रंग हा लाकडाचा खरा रंग नसतोच. हवा आणि ऊन लागलं की तो बदलतो. सागवान ताजं रंधलं की त्यावर हिरवट-मळकट डाग दिसतात, गिऱ्हाईक म्हणतं हे कसलं सागवान, चार दिवस उन्हात ठेवलं की सोन्यासारखं होतं. फणस चिरल्यावर हळदीसारखा पिवळा असतो, वर्षभरात तपकिरी होतो. बाभूळ ताजी गुलाबी असते, मग लालसर आणि मग काळपट. त्यात अजून एक घोळ म्हणजे करवतीचं लोखंड. ज्या लाकडात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जास्त, बाभूळ, खैर, ऐन वगैरे, त्याची ओली फळी लोखंडाला लागली की निळे-काळे डाग पडतात, ती काही कीड नाही, रंधा मारला की जातात. उलट आंब्याच्या पांढऱ्या भागात पावसाळ्यात जो राखाडी-निळा रंग येतो तो बुरशीचा, तो खोल जातो आणि रंध्यानं जात नाही. आता हे दोन डाग फोटोत सारखेच दिसतात. माझ्या पोरानं मोबाईलच्या ॲपवर माझ्या फळीचा फोटो टाकला तर पहिल्यांदा अक्रोड आलं, दुसऱ्यांदा सागवान, तिसऱ्यांदा महोगनी. मी म्हणलं चौथ्यांदा टाकू नको, चंदन येईल.

मग वास. वास ताज्या लाकडाचा पुरावा आहे आणि तो वाळल्यावर कमी होतो, म्हणून ताजं असतानाच नाक लावावं. सागवानाला जुन्या चामड्यासारखा वास आणि हाताला जरा तेलकटपणा. शिसव चिरताना गोडसर सुगंध येतो, ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. माझ्या फळ्यांना असा वास नव्हता, पण दुकानातले आम्ही तिघंही दिवसभर शिंकत होतो. भुसा उडाला की शिंका, नाक चोंदलेलं, डोळ्यात पाणी. शेजारच्या अक्का तेलुगू आहेत, त्या दारात येऊन म्हणाल्या, "दिरिसेन चिरताय काय?" त्यांच्या माहेरी या झाडाच्या भुशानं असंच व्हायचं म्हणे. मी हसून सोडलं. वखारीतला अक्कलकोटकडचा कामगार नंतर म्हणाला की हे तर बागे, म्हणजे कन्नड नाव. मी विचार करतोय दिरिसेन कुठलं, बागे कुठलं, आपलं तर शिसव आहे. दोघंही एकाच झाडाचं नाव घेत होते, मराठीत त्याला शिरीष म्हणतात, आणि बोलीत शिरस.

आता बघा हं, शिरस, शिसव, शिसू, शिसम. चार नावं एकामागोमाग म्हणून बघा, जीभ घसरतेच. शिसव म्हणजे काळा, भारी, फर्निचरचा राजा. शिसू किंवा शिसम त्याचा भाऊबंद, उत्तरेकडं जास्त. आणि शिरस यांचा लांबचा पण नातेवाईक नाही असं समजा, शेंगवाल्या झाडांच्या मोठ्या कुळातले असले तरी घरं वेगळी. वखारीत पाटीवर "शिर." एवढंच खडूनं लिहिलेलं असेल तर तिसऱ्या माणसापर्यंत जाताना त्याचं शिसव होतं, दुप्पट भावानं. माझ्या फळ्यांचं असंच झालं असणार, कुणी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. वखारीची भाषाच तशी आहे, जे ओळखता येत नाही त्याला "जंगली लाकूड" म्हणायचं आणि जे विकायचं असतं त्याला सागवानाचं आडनाव लावायचं, आफ्रिकन सागवान अमकं सागवान, त्यातलं बरंचसं सागवानाच्या जवळपासही नसतं.

शेवटी ओळख पटली ती वडिलांच्या पिक ग्लासमुळं. वडील गिरणीत कापड खात्यात होते. पिक ग्लास म्हणजे ती पितळी घडीची छोटी भिंगाची चौकट, कापडावर ठेवून इंचात किती ताणे किती बाणे ते मोजायची. सोलापुरात जुन्या गिरणी कामगारांच्या घरी ट्रंकेत एखादी तरी सापडेल. नसेल तर सोनाराचं दहापट भिंग चालतं. फळीचं ओळखपत्र तिच्या सपाट अंगावर नसतं, ते तिच्या टोकाला असतं, म्हणजे जिथं ओंडका आडवा कापलाय तिथं. पण करवतीनं कापलेलं टोक भिंगाखाली नुसतं गवत दिसतं, त्यामुळं ते टोक ओलं करायचं आणि दाढीच्या नव्या ब्लेडनं नखाएवढी जागा एका पातळ चकतीत सफाईनं कापायची. खरवडायचं नाही, कापायचं. ब्लेड एकदाच वापरा, दुसऱ्या लाकडाला नवं. (बोट सांभाळा, मी अंगठ्याला तीन टाके घेतलेत.) मग उजेडात जाऊन बघायचं.

आधी छिद्रं आहेत का बघा. आपली सगळी रुंद पानाची झाडं, साग, बाभूळ, चिंच, आंबा, यांच्यात पाणी वाहायच्या नळ्या असतात आणि त्या टोकाला टाचणीच्या भोकासारख्या दिसतात. देवदार, पाईन यांच्यात त्या नसतातच. इंग्रजीत ज्याला हार्डवूड म्हणतात ते या नळ्यांवरून ठरतं, कडकपणावरून नाही, काटेसावर नखानं दाबलं तरी खड्डा पडतो पण तिलाही हार्डवूडच म्हणतात. मग छिद्रांची मांडणी. सागवानात वर्षाच्या सुरुवातीची मोठी छिद्रं एका ओळीत येतात आणि पुढं बारीक होत जातात, साडीचा काठ आणि मग अंग, तसं. आपल्या बहुतेक झाडात असा काठ नसतो, छिद्रं सगळीकडं सारखी विखुरलेली. वड, पिंपळ, उंबर यांच्यात फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक, अगदी पट्ट्यांची सोलापुरी चादर. सिल्व्हर ओकमधे मधल्या गाभ्याकडनं सालीकडं जाणाऱ्या रेषा एवढ्या जाड असतात की भिंगाशिवाय दिसतात. कडुनिंबाच्या छिद्रात लालसर डिंक भरलेला सापडतो. आणि माझ्या फळीत मोठी मोठी विरळ छिद्रं होती, प्रत्येकाभोवती फिकट रंगाचं कडं, डोळ्यासारखं. किती वेळ मी ते बघत बसलो. चाळीस वर्षं जे भिंग ताणे मोजत होतं ते आता झाडाच्या नळ्या दाखवत होतं, वडील असते तर म्हणाले असते, मोज की मग.

डोळ्यासारखी कडी शिसवातही थोडीफार दिसतात, बाभळीत तर दिसतातच, म्हणून तेवढ्यावर निकाल लावायचा नाही. शिसव खोडून काढायला एक सोपी खूण आहे जी मला एका निवृत्त फॉरेस्टवाल्या काकांनी दाखवली. फळीची जी बाजू सालीला समांतर कापलेली असते तिच्यावर रंधा मारून तिरप्या उजेडात भिंग धरायचं. शिसव आणि शिसूत तिथं अतिशय बारीक आडव्या लहरी दिसतात, एकाखाली एक, तलम कापडात बाण्याच्या ओळी दिसतात तशा. शिरसात त्या नसतात. माझ्या चौदा फळ्या मी एकेक करून बघितल्या. एकीवरही लहर नाही. झालं, शिसवाचं स्वप्न तिथं संपलं.

तरी प्रश्न उरलाच की शिरीष की रेन ट्री, ज्याला वर्षावृक्ष म्हणतात, कारण ही दोन लाकडं भिंगाखाली सख्ख्या भावासारखी दिसतात. इथं भिंगाची हद्द संपते. घरच्या भिंगानं तुम्ही घराण्यापर्यंत जाता, घरातल्या नेमक्या माणसापर्यंत जाल असं नाही. नेमकं पाहिजे असेल तर देहरादूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था आहे, तिथं नमुना दिला की पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. धंद्यात परदेशी माल पाठवणाऱ्यांना तर हे लागतंच, कारण २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या भावकीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत. पण चौदा फळ्यांसाठी कोण देहरादूनला पाठवतंय. मी काय केलं, वखारवाल्याला विचारून ओंडके कुठल्या रस्त्यावरचे ते काढलं आणि रविवारी स्कूटरवर गेलो. खुंट सापडला, रस्त्याच्या खडीत अर्धा गाडलेला. आणि नालीत वाळलेल्या शेंगा पडलेल्या, चपट्या, गवताच्या रंगाच्या, आत बिया खुळखुळणाऱ्या. रेन ट्रीची शेंग जाड आणि गोड गराची असते, जनावरं आवडीनं खातात. ही शिरसाची. वाऱ्यात खुळखुळ वाजते ती. दोन महिने माझं भिंग, सोनाराचा काटा आणि नाक जे सांगू शकलं नाही ते नालीतल्या एका शेंगेनं सांगितलं.

आणि माझं खरं म्हणणं हेच आहे साहेब. झाड उभं असतं तेव्हा गावातलं शेंबडं पोर सांगतं ते कशाचं आहे. पान असतं, साल असते, शेंग असते, आजी असते. वखारीत गेलं की तेच झाड अनोळखी होतं आणि मग आम्ही मेस्त्री लोक भिंग घेऊन बसतो. बरं, नाव सरकारला माहीत नसतं असंही नाही. १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे त्यात सागवान, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, अंजन असली झाडं नावानिशी दिलेली आहेत, ती पाडायला परवानगी लागते म्हणजे कुणीतरी झाड ओळखून कागदावर लिहिलेलं असतं. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात झाड पाडायच्या आधी पेपरात नोटीस द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. म्हणजे तुमच्यासारख्या पेपरात बारीक अक्षरात त्या झाडाची नोटीस येऊन जाते, आणि तेच झाड पुढं वखारीत "जंगली" म्हणून पडलेलं असतं. कागदावरचं नाव ओंडक्यावर यायला किती खर्च येतो? लिलावाचा नंबर रंगानं मारतातच, त्याच डब्यात त्याच ब्रशनं शेजारी "शिरीष" लिहायचं. दोन्ही टोकांना लिहा, म्हणजे मधे कापला तरी एका तुकड्यावर राहील. लिलाव करणाऱ्या खात्यांनी एवढं केलं आणि वखारवाल्यांनी फळ्यांच्या थप्पीवर तेच नाव खडूनं पुढं नेलं तर खरेदी करणाऱ्याचं निम्मं काम होईल.

बार्शीच्या वाचकांना माझं सांगणं आहे की तुमच्या फळ्या आता लगेच टोकांना ऑइलपेंट किंवा मेण लावून सावलीत थप्पी करा, प्रत्येक दोन फळ्यांमधे एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, उन्हात टाकू नका. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन ओल्या फळीला पापडासारखं करतं, टोकाला चिरा जातात आणि मधे बाक येतो, मग शिसव असो नाहीतर शिरस, दोन्ही सारखंच जळण. इंचाला एक वर्ष हा जुन्या सुतारांचा हिशोब आहे, आपल्या कोरड्या हवेत जरा लवकर होतं पण घाई करू नका. पांढऱ्या कडेला भुंगा लागतोच, ती कापून टाका किंवा औषध लावा. आणि रंधण्याआधी तोंडाला फडकं बांधा, शिंका आल्या तर ती पण एक खूण समजा. फळ्यांतली एखादी वाकडी असेल तर तिचं टोक ब्लेडनं कापून पुरवणीकडं फोटो पाठवा, टोकाचा हं, सपाट बाजूचा नको. जवळून, उन्हात, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे छिद्रांचा आकार कळेल.

तुमच्या लाकडात गडद भाग मधे थोडाच असेल, जांभळट काळा, आणि बाकी सगळं पिवळट पांढरं असेल तर चिंच निघायची शक्यता धरा. भुसा पाण्यात टाकून उन्हात धरल्यावर पाण्याला निळी झाक आली तर बिबला असू शकतो, मी एका बिबल्याच्या पेल्यावर हे बघितलंय, आपल्या भागात मात्र तो रस्त्याकडेला सहसा सापडायचा नाही.

माझ्या चौदा फळ्यांचं काय झालं विचाराल तर दीड वर्ष वाळवल्या आणि त्यातल्या अकरांचं डायनिंग टेबल झालं, गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगितलं की हे शिरीष आहे. शिसव नाही म्हणल्यावर त्यानं भाव पाडला, मी पण पाडून दिला. पॉलिश केल्यावर मात्र असं काही उठून दिसलं की त्याचे पाहुणे येऊन मला विचारतात, मेस्त्री, शिसव कुठनं आणलं ओ?

आपला,
एक वाचक आणि मेस्त्री
साखर पेठ, सोलापूर